वाचक विचारतात : गल्लीतलं पावसाचं पाणी, झाडं आणि चित्रं

गेल्या अंकात आम्ही अमेरिकेतल्या सिएटल आणि पोर्टलंड या दोन शहरांतल्या काही रस्त्यांबद्दल थोडक्यात लिहिलं होतं. तिथल्या रहिवाशांनी पुढाकार घेऊन पावसाचं पाणी थेट गटारात न सोडता रस्त्याकडेच्या झाडांच्या वाफ्यांत वळवलंय आणि बऱ्याच ठिकाणी कलाकारांना पहिल्यापासून सोबत घेतलंय. त्यावर खूप पत्रं आणि मेसेज आले. सगळी छापणं शक्य नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतोय.

पाण्याचा प्रोजेक्ट आणि कला एकत्र म्हणजे नक्की काय? टाकीवर चित्र रंगवायचं का? मी कला महाविद्यालयात शिकते, आम्हाला नेहमी भिंतीच रंगवायला बोलावतात.
– एक वाचक, कोल्हापूर

तुझा प्रश्न सगळ्यात आधी घेतलाय कारण खरा मुद्दा इथेच आहे. कलाकाराला शेवटी बोलावलं की त्याच्या वाट्याला भिंतच येते. सिएटलच्या बेलटाउन भागातल्या व्हाइन स्ट्रीटवर उलटं झालं. हा रस्ता उतारावरून थेट समुद्राच्या खाडीकडे जातो. १९९० च्या दशकात तिथल्या रहिवाशांनी आणि बिल्डिंगवाल्यांनी मिळून ठरवलं की रस्त्याच्या उतारावरून पावसाचं पाणी झाडांमधून, टप्प्याटप्प्याने खाली न्यायचं, आणि या विचारात बस्टर सिम्प्सन हा कलाकार होता, आर्किटेक्टही होते, म्हणजे पाइप कुठून जाणार हे ठरतानाच कलाकार टेबलवर बसलेला.

त्यातून २००३ मध्ये ‘बेकनिंग सिस्टर्न’, म्हणजे खुणावून बोलावणारी टाकी, उभी राहिली. निळ्या रंगाची पत्र्याची टाकी, साधारण १० फूट उंच आणि ६ फूट रुंद, पण सरळ उभी नाही तर बिल्डिंगच्या बाजूला झुकलेली. टाकीच्या वरच्या टोकाला हिरव्या पाइपांची बोटं आहेत, अख्खा पंजाच, आणि त्यातलं एक बोट लांब होऊन गच्चीवरून उतरणाऱ्या पावसाच्या पाइपला जाऊन भिडतं. मायकेलअँजेलोने सिस्टीन चॅपलच्या छतावर देव आणि आदम यांची बोटं एकमेकांकडे येताना रंगवलीत ना, थेट त्याचीच आठवण. गच्चीवरचं पाणी त्या बोटातून टाकीत येतं आणि टाकीतून फुटपाथच्या कडेच्या झाडांच्या वाफ्यांत जातं. पुढे खालच्या अंगाला ‘सिस्टर्न स्टेप्स’ आहेत, तिथे पाणी एका कुंडातून दुसऱ्या कुंडात असं पायऱ्यांनी उतरतं आणि बाजूलाच मोहल्ल्याची सामाईक बाग आहे जिथे लोक भाजीपाला लावतात.

आता यातून बोटं काढून टाक. टाकी तेवढंच पाणी साठवेल, इंजिनिअरच्या हिशोबात काहीच फरक नाही. पण रस्त्याने जाणारा माणूस थांबणार नाही, आणि गच्चीवरचं पाणी कुठून कुठे जातं हे त्याला कळणारही नाही. माझं ठाम मत आहे की या कामात कलेचं मुख्य काम पाण्याचा रस्ता डोळ्यांना दाखवणं हेच आहे, सुशोभीकरण नंतर. जे पाणी जमिनीखालच्या पाइपातून जातं त्याची काळजी कोणीच करत नाही, जे डोळ्यांसमोरून जातं त्यात कोणी चहाचा कप टाकला तर शेजारचा माणूस ओरडतो. तेव्हा पुढच्या वेळी भिंत रंगवायला बोलावलं की आधी विचार, इथलं पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, आणि ते बघायला पावसात एकदा जाऊन ये.

आम्ही सिएटलजवळ रेडमंडला राहतो. इथला पाऊस म्हणजे नुसती रिमझिम, आईबाबा आले की हसतात की याला काय पाऊस म्हणायचं. मग एवढा खटाटोप कशाला?
– एक वाचक, वॉशिंग्टन राज्य, अमेरिका

आईबाबांचं बरोबर आहे, सिएटलला वर्षाला हजार मिलीमीटरच्या आसपासच पाऊस पडतो आणि तोही ऑक्टोबरपासून मेपर्यंत पसरून. पण तिथला मोठा प्रश्न पाणी तुंबण्यापेक्षा पाण्यातून काय वाहून जातं हा आहे. सिएटलच्या जुन्या भागांत आणि पोर्टलंडच्या बऱ्याच भागात सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच पाइपातून जातं, आणि जोराचा पाऊस आला की पाइप भरून तो सगळा माल नदीत नाहीतर खाडीत. पोर्टलंडने यासाठी जमिनीखाली प्रचंड बोगदे खणले, ते काम २०११ ला पूर्ण झालं, खर्च १४० कोटी डॉलर. त्याच्याच बरोबरीने त्यांनी १९९३ ते २०११ या काळात घरोघरी जाऊन छपराचे पाइप गटारातून सोडवले आणि बागेत वळवले, ५६ हजारांहून जास्त पाइप! स्वतः काम करणाऱ्या घरमालकाला दर पाइपमागे ५३ डॉलर मिळायचे. मला हा आकडा बोगद्यांपेक्षा जास्त आवडतो कारण त्यात प्रत्येक पाइपमागे एक माणूस शिडीवर चढलेला आहे.

आणि दुसरं कारण म्हणजे मासे. तुमच्याकडच्या ओढ्यांत कोहो सॅमन अंडी घालायला समुद्रातून परत येतात आणि पाऊस पडून गेला की काही तासांत तडफडून मरतात, हे संशोधक कितीतरी वर्षं बघत होते पण कारण सापडत नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये ते जाहीर झालं. गाडीच्या टायरचं रबर टिकावं म्हणून त्यात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात, हवेतल्या ओझोनशी त्याची क्रिया होऊन एक नवीन विषारी पदार्थ तयार होतो, टायर झिजला की त्याची भुकटी रस्त्यावर पडते आणि पावसाबरोबर ओढ्यात जाते. म्हणजे कोणाच्या फॅक्टरीचं पाणी नाही, आपण सगळे जी गाडी चालवतो तिचाच कचरा. पण त्याच भागातल्या प्रयोगांत हेही दिसलं होतं की रस्त्यावरचं तेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून घेतलं तर त्यात सोडलेले कोहो जिवंत राहतात. रस्त्याकडेचा वाफा नेमकं हेच करतो. तुमच्या घराजवळ असा वाफा असेल तर त्यातून पुढे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर एखादा मासा आहे असं समजा.

वेळ मिळाला तर सिएटलच्या उत्तर भागात सेकंड अव्हेन्यू नॉर्थवेस्टवरचा ‘सी स्ट्रीट’ बघून या, ११७ ते १२० व्या रस्त्यांच्या मधला भाग. २००१ ला झालेलं काम. सरळसोट रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा केला, दोन्ही बाजूंना उथळ चर आणि त्यात १०० वर झाडं आणि १,१०० झुडपं. पहिल्या दोन वर्षांच्या मोजणीत रस्त्यावरून बाहेर वाहून जाणारं पाणी ९९ टक्क्यांनी कमी झालं. तिथे पुतळा नाही की म्युरल नाही, तरी तो रस्ता बघण्यासारखा आहे.

चौकात चित्र काढायचं, वरून गाड्या जाणार, एका पावसाळ्यात सगळं पुसून जाणार. याचा पाणी जिरवण्याशी संबंध तरी काय?
– एक वाचक, डोंबिवली

थेट संबंध नाही, बरोबर आहे तुमचं. डांबरावर रंग लावल्याने एक थेंबही जास्त मुरत नाही. पण पोर्टलंडच्या सेलवुड भागात काय झालं ते सांगतो. १९९६ मध्ये तिथल्या रहिवाशांनी मार्क लेकमन यांच्या पुढाकाराने आपल्या चौकात मोठं चित्र रंगवलं, कोपऱ्यांवर चहाचा ठेला, नोटीस बोर्ड, पुस्तकांचं कपाट असं मांडलं आणि नाव दिलं ‘शेअर-इट स्क्वेअर’. परवानगी नव्हती. शहराचे अधिकारी आधी चिडले, दंडाची भाषा झाली, मग लोकांनी शेजाऱ्यांचा सर्व्हे करून दाखवला की चौकात गाड्या हळू जातात आणि लोक एकमेकांना ओळखायला लागलेत. पुढे नगर परिषदेने असे चौक रंगवायला कायदेशीर मार्गच करून दिला. आता आसपासच्या रहिवाशांच्या लेखी संमतीने परवानगी मिळते, आणि यातूनच उभी राहिलेली ‘सिटी रिपेअर’ ही संस्था २००१ पासून दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर शहरभर अशी कामं करते.

आणि रंग पुसला जातो हे तर चांगलंच आहे असं मला वाटतं! पुसला जातो म्हणून अधूनमधून पुन्हा रंगवावा लागतो, म्हणून पुन्हा वर्गणी, पुन्हा डबे-ब्रश, पुन्हा सगळे एकत्र. आपल्याकडे गणपतीच्या मांडवाला हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्या गल्लीत लोक वर्षातून एकदा रस्त्यावर एकत्र बसतात तिथे उद्या कोणी म्हटलं की चला हा कोपरा फोडून झाडांचा वाफा करू आणि गाळ आपण काढू, तर माणसं आधीच जमलेली असतात. फक्त एक काळजी घ्या, गुळगुळीत ऑइल पेंट रस्त्यावर अजिबात नको, पावसात टू-व्हीलर घसरते, खरखरीत अँटीस्किड रंगच वापरा.

पाणी साठवायचं म्हणजे डास. आमच्या सोसायटीत डेंग्यूचे पेशंट होऊन गेलेत, मीटिंगमध्ये हा विषय काढला की लोक अंगावर येतात.
– एक वाचक, ठाणे

लोकांची भीती खोटी नाही. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून नियम एकच, वाफ्यातलं पाणी दोन दिवसांच्या आत मुरलंच पाहिजे. मुरत असेल तर डासाचा प्रश्न नाही. मुरत नसेल तर तो वाफा म्हणजे डबकंच आणि मग तुमच्या मीटिंगमधले लोक बरोबर.

हे सिएटललाही घडलंय. २०१० मध्ये बॅलार्ड भागात पालिकेने घाईघाईत रस्त्याकडेचे रेन गार्डन, म्हणजे असेच पाणी मुरवणारे खोलगट वाफे, केले, माती नीट तपासली नव्हती, आणि त्यातल्या बऱ्याच खड्ड्यांत पाणी दिवसेंदिवस तुंबून राहायला लागलं. रहिवासी भडकले, लहान मुलं पडतील म्हणून घाबरले. शेवटी पालिकेला काही खड्डे बुजवावे लागले, काही बदलावे लागले. त्यानंतरच्या कामांत खोलवर माती तपासून मगच जागा ठरवायला लागले. तेव्हा मीटिंगमध्ये सुंदर फोटो दाखवण्याआधी टेस्ट करा. फुटपाथशेजारी जिथे वाफा करायचाय तिथे दीड-दोन फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि पट्टी लावून दर तासाला किती उतरतं ते लिहा. पहिल्यांदा भरलेलं मोजू नका, कोरडी माती पहिलं पाणी अधाशासारखी पिते. दुसऱ्यांदा तासाला अर्धा-पाऊण इंच जरी उतरलं तरी काम करता येतं. जवळपास काहीच उतरलं नाही तर तिथे वाफा करायचा नाही, टाकी करायची, झाकण आणि जाळीसकट. आणि हा कागद सह्यांसकट मीटिंगमध्ये ठेवा.

आपल्याकडे पाऊस कोसळतो. तिकडचं इकडे चालेल का? उगाच फॉरेनचं कौतुक नको.
– एक वाचक, नाशिक

प्रश्न रोखठोक आहे, उत्तरही तसंच देतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पडला, म्हणजे सिएटलला जवळजवळ अख्ख्या वर्षात पडतो तेवढा. असा पाऊस कुठल्याही वाफ्याने, टाकीने, चित्राने थांबत नाही आणि कोणी थांबतो म्हणालं तर विश्वास ठेवू नका. त्यासाठी ओढे-नाले मोकळे लागतात, पूररेषेत बांधकाम नको, त्याला पर्याय नाही.

पण पावसाळ्यातले बरेच दिवस ९४४ चे नसतात ना. दहा-पंधरा मिलीमीटरच्या सरी येतात आणि तेवढ्यानेसुद्धा आपले सिमेंटचे रस्ते वाहायला लागतात कारण पाण्याला आत जायला एक फूटही मोकळी माती ठेवलेली नाही, झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट नाहीतर पेव्हर ब्लॉक. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर दहा मिलीमीटर पाऊस पडला तर सव्वानऊशे लिटरच्या वर पाणी होतं, म्हणजे सोसायटीच्या पाच-सहा गच्च्या धरल्या तर अर्धा टँकर, आणि मार्चमध्ये तोच टँकर आपण पैसे देऊन मागवतो. पोर्टलंडमध्ये एनई सिस्कियू स्ट्रीटवर २००३ मध्ये पार्किंगची थोडी जागा घेऊन रस्त्याच्या दोन्ही कडांना सुमारे ७ फूट रुंद आणि ५० फूट लांब असे दोनच वाफे केले, खर्च २० हजार डॉलरच्या आत, आणि सुमारे दहा हजार चौरस फुटांवरचं वर्षाला साडेआठ लाख लिटर पाणी त्यांनी सांभाळलं. वाफ्यात आडवे छोटे बांध घातलेत, एक कप्पा भरला की पाणी पुढच्या कप्प्यात, सगळे भरले की उरलेलं आपोआप जुन्या गटारात. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, ओव्हरफ्लोची वाट ठेवल्याशिवाय आपल्याकडे काही करूच नका.

मग माती. काळी माती पहिल्या पावसात फुगते आणि नंतर पाणी आत घेत नाही, तिथे माती काढून वाळू, मुरूम आणि शेणखताचं मिश्रण भरावं लागतं आणि तरी खालचा थर बंदच असेल तर भोकांचा पाइप टाकून पाणी बाहेर काढावं लागतं. मुरमाड जमीन असेल तर सोपं आहे. कोकणात आणि गोव्यात जांभ्यात पाणी छान मुरतं पण विहिरी जवळ असतात, तेव्हा घाण पाणी मुरवायचं नाही. नव्या वस्त्यांत वेगळाच त्रास, वरची फूटभर माती काढली की खाली बिल्डरने टाकलेला राडारोडा निघतो.

झाडंही तिकडची कॉपी करू नका. आपल्याकडे चार महिने पाण्यात आणि आठ महिने उन्हात उभं राहणारं झाड पाहिजे. वाळा उत्तम, मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात. कर्दळ पाण्यात खूश असते पण उन्हाळ्यात थोडं पाणी मागते. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे आपल्या पावसाळी गटारात बहुतेक ठिकाणी कोणी ना कोणी संडास-बाथरूमची लाइन जोडलेली असते. ते पाणी वाफ्यात आलं तर दोन दिवसांत वास सुटेल आणि लोक वाफाच तोडतील. म्हणून सुरुवात गटारापासून नको, गच्चीच्या पाइपपासून करा, ते पाणी तरी स्वच्छ असतं.

पैसे कोण देतं?
– एक वाचक, पुणे

सिएटलमध्ये १९७३ पासून नियम आहे की पालिकेच्या ठरावीक बांधकाम खर्चातला १ टक्का कलेवर जातो, आणि तो पाणी-ड्रेनेज खात्यालाही लागू आहे, म्हणून पंपिंग स्टेशनच्या कामातही कलाकार असतो. शिवाय १९८८ पासून तिथे ‘नेबरहूड मॅचिंग फंड’ आहे, मोहल्ला आपला वाटा घालतो आणि त्याच्या जोडीला पालिका पैसे घालते, आणि मोहल्ल्याने घातलेल्यात माणसांनी केलेल्या कामाचे तासही पैशात धरले जातात. श्रमदान पालिकेच्या वहीत जमा होतं! मला या सगळ्यात आपल्याकडे आणावीशी वाटणारी एक गोष्ट विचारलीत तर हीच. आपल्याकडे श्रमदानाची परंपरा आहे, गावंच्या गावं चर खणतात, पण शहरात वॉर्डातल्या लोकांनी रविवारी गाळ काढला तर त्याची नोंद कुठेच होत नाही.

तुम्ही पुण्याचे म्हणून सांगतो, पुणे महापालिका २००६ पासून बजेटसाठी नागरिकांकडून कामं मागवते. लोक बहुतेक बाक, फुटपाथ आणि दिवे लिहितात. ‘अमुक गल्लीत पावसाचं पाणी मुरवणारे दोन वाफे’ असं लिहून, सोबत माती मुरण्याच्या टेस्टचा कागद आणि शेजाऱ्यांच्या सह्या जोडून द्या. कदाचित नाकारतील, पण नाकारताना त्यांना ते वाचावं तरी लागेल.

वाफे झाल्यावर सांभाळायचं कोणी? आमच्याकडे उद्घाटन झालं की विषय संपतो.
– एक वाचक, सोलापूर

पोर्टलंडमध्ये असे दोन हजारांहून जास्त वाफे आहेत आणि पालिका लोकांना ते दत्तक देते. करायचं काय, तर पाणी आत शिरायच्या तोंडाशी अडकलेला पाला आणि गाळ काढायचा, कचरा उचलायचा, उन्हाळ्यात पाणी घालायचं, तणनाशक मारायचं नाही. छाटणी आणि दुरुस्ती पालिकेची. कामाची अशी वाटणी कागदावर आधी झालेली असली की भांडणं कमी होतात. वाफा मेलेला दिसला तर बऱ्याचदा पाणी आत शिरायचं तोंडच बुजलेलं असतं, झाडांचा दोष नसतो.

मी आठवीच्या मुलांना शिकवते. पैसा नाही, परवानगी नाही. या पावसाळ्यात काय करता येईल?
– एक शिक्षिका, सातारा

मुलांना पाऊस थांबल्या थांबल्या शाळेबाहेरच्या रस्त्यावर न्या, वाहतूक बघून आणि पालकांना सोबत घेऊन. खडूने पाण्याची वाट काढायला सांगा, शाळेच्या छपरापासून पहिल्या चेंबरपर्यंत. पाणी कुठे साठतं, कुठे प्लास्टिक अडकलंय, कुठून तेलाचा तवंग येतोय, सगळं तिथल्या तिथे लिहायचं. वाहतं पाणी आणि उघडं चेंबर यांच्याजवळ एकही मूल जाऊ देऊ नका, ही अट बाकी सगळ्याच्या वर. मग वर्गात त्याचा मोठा नकाशा करा. पुढच्या पावसात पुन्हा जा आणि काय बदललं ते वेगळ्या रंगाने भरा. चेंबरच्या शेजारी ‘हे पाणी नदीत जातं’ असं मुलांच्या हाताने लिहायची परवानगी नगरपालिकेकडे मागा, सिएटलमध्ये गटारांच्या तोंडाशी असं माशाच्या चित्रासकट लिहिलेलं असतं. अर्जासोबत मुलांचा नकाशा जोडा, मूळ नाही, झेरॉक्स, आणि पोच घ्यायला विसरू नका.